अठराव्या वर्षाची मुदत

कौटुंबिक दाव्यांत उभी हयात घालविलेल्या एका वृद्ध वकिलांकडे त्यांचा एक जुना पक्षकार आला, तो तक्रार घेऊन नव्हे, तर मनातला पेच घेऊन. आणि उभयतांच्या संमतीने मी तेथे बसलो होतो, म्हणून तो संवाद मला ऐकावयास मिळाला.

"वकीलसाहेब, येत्या महिन्यात मुलगा अठरा वर्षांचा होईल. त्याच्या पोटगीच्या हुकुमाप्रमाणे दरमहाची रक्कम मी बिनचूक भरीत आलो, वसुलीचे वॉरंट कधी निघू दिले नाही. आता माझे देणे संपले, असे समजावे काय?"

"हुकुमाचे देणे तेव्हा संपेल. 1875 च्या सज्ञानता कायद्याने तो सज्ञान होईल. आणि फौजदारी प्रक्रिया संहितेचे जे 125 वे कलम 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेत 144 वे झाले, ते सज्ञान मुलाला पोटगी देववते ती शारीरिक वा मानसिक विकलतेमुळे अगर इजेमुळे त्याला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल तरच. मुलगी असती, तर 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या 20 व्या कलमान्वये, ती अविवाहित असेतो आणि स्वतःच्या मिळकतीवर तिचे भागत नसेतो, तुमची जबाबदारी चालू राहिली असती."

"म्हणजे मुलग्यापुरती रेषा कायद्यानेच आखली."

"आखली ती सक्तीची रेषा. बारावीची परीक्षा आणि अठरावा वाढदिवस बहुधा मागेपुढेच येतात. म्हणजे महाविद्यालयाची फी, वसतिगृह आणि खाणावळ यांचा खर्च ज्या सुमारास उभा राहतो, त्याच सुमारास आधार आटतो. आईबाप एकत्र नांदतात त्या घरात कोणता बाप वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी मुलापुढचे ताट उचलून घेतो? मग ज्या विभक्तपणात मुलाचा लेशमात्र अपराध नाही, त्याचा भुर्दंड त्यानेच का सोसावा? 2021 साली दिल्ली उच्च न्यायालयाने हेच ओळखून, मुलगा सज्ञान झाला एवढ्यावरून त्याच्या शिक्षणाचा सारा भार आईवर टाकता येणार नाही, असे म्हटले."

"हे मला मान्य आहे, पण अर्धेच. एकत्र घरातला बाप फी भरतो, तसाच 'हा अभ्यासक्रम आपल्या ऐपतीबाहेरचा आहे' असेही तो म्हणू शकतो. मला कधी कोणी विचारले? मुलाची शाळा बदलल्याचे मला परक्याकडून कळले. शिवाय दुसऱ्या संसारात माझी एक लहान मुलगी आहे. तिच्या वाट्याचेही मला पाहावे लागते."

हे गाऱ्हाणे मला खरे वाटले, आणि आजही वाटते. कारण कर्तव्याचा सर्व भार ठेवून विचारविनिमयाचा अधिकार तेवढा काढून घेतला, म्हणजे पित्याच्या हाती केवळ एक हप्ता उरतो, आणि हप्ता फिटण्याची वाट पाहणे हा मनुष्यस्वभावच आहे.

"आजवर," वकील म्हणाले, "आई मुलासाठी मागत होती आणि तुम्ही आईच्या खात्यात भरीत होता, ज्याच्यासाठी हे सारे चालले, त्याचा शब्द त्यात कोठेच नव्हता. तो सज्ञान होताच मधला हुकूम गळून पडतो आणि तुम्ही दोघे प्रथमच समोरासमोर येता. ऐपत सांगावयाची ती आता त्यालाच सांगा. धाकटीचा वाटा सांगा, किती वर्षे आणि किती रक्कम ते त्याच्याशीच ठरवा. मात्र त्याने याचक होऊन यावे, अशी वाट पाहू नका. पहिला शब्द तुमच्याकडून जाऊ द्या."

"आणि त्याने भेटण्याचेच नाकारले तर?"

"तर झेपेल तेवढी फी परस्पर महाविद्यालयात भरा. भेटीची अट घालून दिलेला पैसा त्याला लाच वाटेल, आणि तसे वाटण्यात त्याचे काही चुकणार नाही."

"मग माझ्या पदरात काय पडणार?"

"ते मला सांगता येणार नाही. प्रवेशाची मुदत कोणत्या तारखेस संपते, ते मात्र आजच विचारून घ्या."