गालावरचा रंग

अंबरनाथच्या स्टेशनवर एके संध्याकाळी माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. कढईतले उकळते तेल उडून तिचा उजवा गाल भाजला होता. शल्यवैद्यांनी मांडीची कातडी काढून तेथे बसविली. जखम भरली, गालाला आकार आला. पण मांडीची कातडी ती मांडीचीच! तिचा रंग चेहऱ्याशी जुळेना. आता त्या जागी सुईने त्वचेच्या रंगाचे गोंदण करता येईल, असे डॉक्टर म्हणत होते.

"सर, ही लबाडी तर नाही ना होणार?" तिने विचारले.

मास्तराच्या जिभेवर उत्तर तयारच असते. "अग, जे आहे ते झाकायचे कशाला? सौंदर्य मनाचे असते," असे काहीसे मी बोलून गेलो. बदलापूरची गाडी आली म्हणून बरे, नाहीतर आणखीही बोललो असतो!

गाडीत मात्र ते उत्तर मलाच बोचू लागले. माझ्या आजीच्या कपाळावर हिरवे गोंदण होते. मेल्यावर बरोबर येणारा तेवढाच दागिना, असे ती म्हणे. खूण उमटविणारी ती सुई येथे खूण पुसायला निघाली होती. पण ही हौस आजकालची नव्हे. सुश्रुताने व्रणाचे साठ उपक्रम सांगितले, त्यांत भरलेल्या जखमेचा पांढरा वण काळसर करण्याचे 'कृष्णकर्म' आहे. त्यासाठी बिब्ब्याचे तेल सांगितले आहे. जखम भरली की वैद्याचे काम संपले, असे त्याला वाटले नाही. पुढे टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यात कपाळाच्या कातडीचे नवे नाक मिळाले. ती हकीकत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात सचित्र छापून आली. त्या नाकाला कोणी लबाडी म्हणत नाही. मग गेलेला आकार परत घेणे प्रामाणिक आणि गेलेला रंग परत घेणे अप्रामाणिक, हे कोणत्या न्यायाने?

ती उल्हासनगरला कापडाच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक आधी तिचा गाल पाहते, मग कापड. "काय झालं ग?" विचारणाऱ्याच्या मनात दयाच असते, पण दिवसातून चारदा तिला ते तेल पुन्हा अंगावर घ्यावे लागते. आपली कथा कोणाला सांगायची हे तिने ठरवावे, तिच्या गालाने नव्हे.

एक शंका मात्र राहते. ते तेल कोणी फेकले असते तर? डाग पुसून फेकणाऱ्याचीच सोय झाली नसती का? पण साक्ष द्यायची ती कोर्टात. ती जन्मभर तोंडावर वागव, असे तिला सांगणारे आपण कोण?

शिवाय हा रंग काही कायमचा नव्हे. वण मुरेपर्यंत महिनोन्‌महिने थांबावे लागते, रंग एकाहून अधिक बैठकींत भरतात, आणि काही वर्षांनी तो फिका पडला की पुन्हा सुई! उन्हाने चेहरा रापतो, गोंदलेला रंग रापत नाही.

गेल्या महिन्यात ती त्याच फलाटावर पुन्हा भेटली. दुकानातल्या दिवाळीच्या गर्दीबद्दल हसून बोलत होती. माझी नजर मात्र तिच्या उजव्या गालावर तो डाग शोधत होती. तिच्या ते लक्षात आले, आणि तिने पदर सारखा केला.