संस्थेचे नाव आणि कर्मचाऱ्याचा हात

कार्यालयीन ईमेलच्या तळाशी अलीकडे एक ठरावीक मजकूर आढळतो: पत्रातील मते पाठवणाऱ्याची व्यक्तिगत असून संस्था त्यांस जबाबदार नाही. मराठी वाचकाला हा सूर परका नाही. लेखकांच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही, ही ओळ तो नियतकालिकांत पिढ्यानपिढ्या वाचत आला आहे. त्या ओळीने संपादकाची कायदेशीर जबाबदारी जशी कधी संपली नाही, तशी ईमेलखालच्या मजकुराने संस्थेचीही संपत नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील पतसंस्था, साखर कारखाने, शिक्षणसंस्था आणि मिरजेची रुग्णालये यांच्याकडील ठेवीदारांची, सभासदांची व रुग्णांची माहिती आता कागदाइतकीच संगणकावरही असते. कर्मचाऱ्याने तिचा गैरवापर केला तर भरपाई कोणी द्यायची, हा प्रश्न म्हणूनच या भागाचाही आहे.

कर्मचाऱ्याने कामाच्या ओघात केलेल्या अपकृत्याची भरपाई मालकाने करावी, या तत्त्वाला प्रातिनिधिक दायित्व म्हणतात आणि ते नव्याने सांगण्याची गरज नाही. खरी अडचण कामाचा ओघ कोठे संपतो हे ठरवण्यात आहे, आणि तेथे साधन देणे व अधिकार देणे यांतला भेद उपयोगी पडतो. कारखान्याने लेखनिकाला संगणक दिला म्हणजे त्यावरून लिहिलेली प्रत्येक ओळ कारखान्याची होत नाही. पण सभासदांना ऊसबिलाविषयी कळवण्याचे काम त्याच्याकडे सोपवले असेल, तर त्या कामातील त्याचे शब्द कारखान्याचेच ठरतात. भारतीय स्टेट बँक विरुद्ध श्यामादेवी या 1978 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच वाटेने विचार केला. ठेवीदाराच्या ओळखीच्या बँक कर्मचाऱ्याने खात्यात भरण्यासाठी दिलेली रक्कम हडपली होती, परंतु ती त्याने नेमून दिलेल्या कामाचा भाग म्हणून नव्हे, तर स्नेही म्हणून स्वीकारली होती, या कारणाने बँक दायित्वातून सुटली. ब्रिटनमध्ये मॉरिसन्स या किराणा साखळीच्या एका लेखापरीक्षकाने रागापोटी सुमारे 1 लाख सहकाऱ्यांच्या वेतनाची माहिती 2014 मध्ये इंटरनेटवर टाकली; हे वैयक्तिक सूडाचे कृत्य आहे, असे ठरवून तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये कंपनीला मुक्त केले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही 2021 मध्ये, व्हॉट्सअॅप गटातील सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराला, समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय, गटप्रमुख उत्तरदायी नाही असे म्हटले. गटप्रमुख हा मालक नव्हे, तरीही दुसऱ्याच्या हातून झालेल्या कृत्याचे उत्तर कोणी द्यायचे, हा प्रश्न तोच आहे.

एवढ्यावरून पतसंस्थेचे संचालक जी बाजू मांडतात ती भक्कम वाटू लागते. त्यांचे म्हणणे असे की संचालक मानद असतात, त्यांना संगणकातले फारसे कळत नाही, आणि कारकुनाच्या लबाडीसाठी संस्थेला धरणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय. या युक्तिवादातील मानदपणाचा मुद्दा सहानुभूतीला पात्र आहे, पण बाकीचा टिकत नाही, कारण ठेवीदार कारकुनाचे तोंड पाहून ठेव ठेवत नाही. तो दारावरची पाटी पाहून येतो. लॉइड विरुद्ध ग्रेस, स्मिथ आणि कंपनी या 1912 च्या खटल्यात वकिली पेढीच्या व्यवस्थापक कारकुनाने एका विधवेची मालमत्ता स्वतःच्या लाभासाठी लाटली होती, आणि पेढीला दमडीचा लाभ झाला नसतानाही हाउस ऑफ लॉर्ड्सने पेढीलाच जबाबदार धरले. त्या बाईचा व्यवहार पेढीच्या नावाशी होता.

नाव लावणाऱ्याने उत्तर द्यावे, ही अपेक्षा या भागाला नवी नाही. औंध संस्थानात 1910 मध्ये वसलेल्या आणि आज सांगली जिल्ह्यात असलेल्या किर्लोस्करवाडीतून 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. कारखान्याचे हे गृहपत्र पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठी घरांत पोहोचले. नांगर बनवणारी वसाहत शब्दही बनवू लागली, ही मराठी उद्योगाच्या इतिहासातील फार मोलाची घटना आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात 1867 च्या कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव सक्तीचे केले होते, त्यामुळे मजकूर कोणाचाही असो, जाब कोणाला विचारायचा हे कागदच सांगत असे. ईमेलला असा नियम नाही.

आणि येथेच साधन व अधिकार हा भेद अपुरा पडतो. पुष्कळ लहान कार्यालयांत एकच ईमेल खाते असते आणि त्याचा पासवर्ड सर्वांना ठाऊक असतो. बँकेच्या व्यवहारात नोंद करणारा मेकर आणि तिला मंजुरी देणारा चेकर वेगळे असावे लागतात, पण दोघांचे लॉगिन एकाच हाती असेल तर ही विभागणी नावापुरती उरते. कोणाला कोणता अधिकार दिला होता हे पाहण्यापूर्वी कृत्य कोणाच्या हातून झाले हे कळावे लागते, आणि ते कळण्याची सोय संस्थेनेच ठेवलेली नसते. अधिकाराच्या मर्यादेचा बचाव अशा संस्थेला मिळता कामा नये. मालकाच्या बाजूने निघालेले विवेचन अशा रीतीने ठेवीदाराच्या बाजूला येऊन पोहोचते.

कायद्याची पावलेही काही काळ याच दिशेने पडली. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 मध्ये 2008 च्या दुरुस्तीने आलेले कलम 43-अ, संवेदनशील वैयक्तिक माहितीच्या सुरक्षेत निष्काळजीपणा करणाऱ्या संस्थेला पीडिताची भरपाई देण्यास बांधते, आणि त्यात कंपनीबरोबरच व्यवसाय करणारी व्यक्तींची संघटनाही येते. जतच्या ठेवीदाराला 5 कोटी रुपयांपर्यंतच्या दाव्यासाठी मुंबईत राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे, म्हणजे न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे, जावे लागते. वाट लांबची असली तरी ती त्याच्या हक्काची आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 ने सुरक्षेतील कसुरीसाठी 250 कोटी रुपयांपर्यंतचा दंड ठरवला, परंतु त्याच अधिनियमात कलम 43-अ वगळण्याची तरतूद आहे, आणि वसूल झालेला दंड भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली त्या ठेवीदाराला त्यातून काहीही मिळत नाही.