कोणाची माणसं?

मराठी चर्चमध्ये फेलोशिपला एक जुना शब्द आहे, सहभागिता. रविवारची उपासना संपली की कोणीतरी तो उच्चारतं आणि मग चहा-बिस्किटं येतात. पण शब्द फोडून पाहिला तर त्यात ‘भाग’ आहे, म्हणजे वाटा. मग वाटा नेमका कशात? चहात, कामात, की ज्याच्यासाठी काम करतो त्याच्या दुःखात?

चिपळूणला हा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी शहरात घुसलं, आणि ते ओसरल्यावर घराघरांत चिखल उरला. आमच्या तरुण संघातले चौदा जण पुण्याहून टेम्पोने निघालो. सोबत फावडी, घमेली, खराटे, फिनेलचे कॅन. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि या जाण्याला ‘मिशन ट्रिप’ म्हटलं.

चिखल उपसताना माणसं फार लवकर जवळ येतात. रांगेत उभं राहायचं, आलेलं घमेलं पुढे सरकवायचं. वर्षभर शेजारच्या बाकावर बसूनही ज्याच्याशी धड बोललो नव्हतो, त्याला दम कधी लागतो हे दोन तासांत कळायला लागलं. ही जवळीक खोटी नव्हती. पण अशीच जवळीक ट्रेकच्या ग्रुपमध्ये होते, गणपती मंडळात होते आणि खरं सांगायचं तर दगडफेक करणाऱ्या जमावातही होते. एकत्र घाम गाळला की माणूस बांधला जातो. घाम कशासाठी गाळला याची चौकशी ती गाठ करत नाही. त्यामुळे ‘आम्हाला किती छान वाटलं’ हा कुठल्याही मिशनचा पुरावा होऊ शकत नाही.

एका घरातल्या आजींनी विचारलं, “तुम्ही कोणाची माणसं?” कोकणात याचं उत्तर गाव, आडनाव नाहीतर पक्ष असं अपेक्षित असतं. आमच्यातली एक म्हणाली, “चर्चची, आजी.” आजी म्हणाल्या, “असाल हो. आधी ते कपाट हलवा.”

त्या रात्री आमच्यात वाजलं. एकाने बॅगेतून शुभवर्तमानाच्या पुस्तिका आणल्या होत्या आणि त्या घरोघर द्याव्यात असं त्याचं म्हणणं होतं. त्याचा मुद्दा लेचापेचा नव्हता: आपण ज्याच्यामुळे इथवर आलो, त्याचं नाव लपवणं हीसुद्धा लबाडीच नाही का? मी विरुद्ध बाजूला होतो. ज्याच्या घरात गुडघाभर चिखल आहे, तो तुम्हाला ‘नको’ म्हणू शकत नाही. आणि ज्याला नको म्हणता येत नाही, त्याच्या हातात ठेवलेली वस्तू भेट राहत नाही, तिचा मोबदला होतो. विचारलं तर खरं सांगावं. आजींनी विचारलं, आम्ही सांगितलं. तेवढं पुरे.

याच जिल्ह्यात, दापोली तालुक्यातल्या करजगावात, नारायण वामन टिळक जन्मले. त्याआधी, १८२३ साली, स्कॉटिश मिशनरी बाणकोटला आले होते, पण ते काम पुढे मुंबई-पुण्याकडे वळलं. टिळकांची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण त्यात ‘नको’ म्हणणारं माणूस घरातच होतं. टिळकांनी १८९५ला बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. परत आल्यावरही त्यांचं सोवळं आणि वेगळा स्वयंपाक चालूच राहिला. ‘स्मृतिचित्रे’ वाचा (मोबाइलवर वाचलं तरी चालेल, पण वाचाच). जातिभेदाचा विचार त्यांनी आधी स्वतःच्या डोक्याने सोडला, बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. एका छताखाली दोन चुली आणि तरी संसार एक. माझ्या लेखी ही सहभागिता आमच्या घमेल्यांच्या रांगेपेक्षा खूप अवघड आहे.

टिळक पुढे आणखी लांब गेले. १९१७ला मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. १९१९च्या मे महिन्यात ते गेले, दरबाराला फार वेळ मिळाला नाही. तरी बाप्तिस्म्याची रेघ न ओढता ‘आपण’ म्हणता येतं का, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका रेव्हरंडने, तोही मिशनच्या आतून आलेल्या माणसाने, गंभीरपणे घेतला होता.

पुस्तिकावाला मित्र म्हणतो की मी टिळकांचा सोयीचा अर्थ काढतोय. टिळक कीर्तनातून ख्रिस्ताचं नाव उघडपणे घेत होते. ते खरंच आहे. पण कीर्तनातून श्रोत्याला उठून जाता येतं, पुरातल्या घरातून कुठे जाणार, असं मी म्हणतो. त्यावर तो गप्प बसत नाही. आम्ही अजून एकाच तरुण संघात आहोत. पावसाळ्याआधी फावड्यांना नवे दांडे बसवायचे आहेत, ते काम सध्या त्याच्याकडे आहे.