पिठाची विरी

केमचं कुंकू देशभर जातं. करमाळा तालुक्यातलं, पुणे–सोलापूर रेल्वेमार्गावरचं हे गाव त्या लाल रंगावरून ओळखलं जातं. याच गावात घरोघरी रोज ज्वारीच्या भाकरी होतात, त्याची वार्ता मात्र कुठं जात नाही.

गव्हाची कणीक चिवट असते, लाटावी तशी पसरते. ज्वारीच्या पिठात तो चिवटपणा नाही. थोडी विरी, म्हणजे चिकटपणा, असते, तीही पीठ जुनं झालं की जाते आणि भाकरी थापताना कडेनं चिरते. म्हणून दळण थोडंथोडंच आणायचं. विरी कमी वाटली तर आधणाचं पाणी घालायचं आणि काटवटीत एका भाकरीपुरतंच पीठ मनगटाच्या जोरानं रगडून मळायचं. थापताना बोटं कडेकडेनं चालतात, भाकरी हाताखाली फिरत मोठी होते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात. ते पाणी पुरतं वाळायच्या आत उलटायची, नाहीतर भेगा पडतात. मग निखाऱ्यांपुढे उभी केली की टम्म फुगते, पापुद्रा सुटतो.

आयर्लंडच्या खेड्यांतली गोष्ट फार निराळी नाही. तिथला गहू मऊ, कमी चिवट. एकोणिसाव्या शतकात खाण्याचा सोडा हाताशी आला आणि बायका ताक घालून, यीस्टशिवाय रोजचा पाव घरीच करू लागल्या. चुलीवर झाकणाचं लोखंडी भांडं, झाकणावरही निखारे. पिठात जे उणं होतं ते तिथंही घरच्या बाईनंच भरून काढलं.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. धान्याचा मान झाला, आनंदच आहे. पण भर उन्हाळ्यात चुलीपुढे बसून, शेतावर जायच्या आधी घरादाराच्या भाकरी उरकणारीचं काम कुणी कामात धरत नाही. ते येतं म्हणून करते, असंच सगळे समजतात. ते आपोआप येत नाही. लहानपणापासून हात भाजून घेत शिकावं लागतं, आणि आजवर ते फक्त मुलींनाच शिकवलं गेलं. मुलांनाही काटवटीपुढे बसवायला हवं. सुरुवातीच्या भाकरी चिरतील, करपतील. घरच्यांनी त्या आनंदानं खाव्यात.