घडण आणि निगा

आधुनिक संस्कृतीच्या जडणघडणीत वास्तुकला, वस्तुरचना आणि नव्या कल्पना यांचा वाटा किती, या प्रश्नाचा विचार बहुधा महानगरांच्या आणि नामवंत रचनाकारांच्या संदर्भात होतो, आणि त्यामुळे वस्तू घडवणाऱ्याकडे जेवढे लक्ष जाते तेवढे तिची निगा राखणाऱ्याकडे जात नाही. भंडारा जिल्ह्याचा भौतिक इतिहास पाहिला तर मात्र निगेचा प्रश्नच अधिक निर्णायक ठरतो, कारण येथे बहुतेक जुन्या रचना त्यांचा आकार बिघडल्यामुळे नव्हे, तर त्यांच्या देखभालीची सामाजिक घडी विस्कटल्यामुळे निष्प्रभ झाल्या.

पितळी भांड्यांसाठी भंडाऱ्याला पितळनगरी म्हणतात, आणि या भांड्यांपासूनच विचाराला आरंभ करणे सोयीचे आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन रचनाकार दांपत्याने 1958 मध्ये भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात, ज्यातून पुढे 1961 साली अहमदाबादची राष्ट्रीय रचना संस्था उभी राहिली, भारतीय लोट्याचा मोठा गौरव केला होता. हा आकार कोणा एकाने नव्हे तर अनेक पिढ्यांनी मिळून सिद्ध केला, असे त्यांचे म्हणणे होते, आणि लोट्याबद्दल त्यांनी विचारलेल्या प्रश्नांत मोडीत त्याचे काय येईल हाही एक होता. पण पितळेचे भांडे घडवून संपत नाही. त्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून त्याला आतून कथलाचा पातळ थर, म्हणजे कल्हई, द्यावी लागते. हा थर झिजतो आणि पुन्हा द्यावा लागतो, म्हणजे भांड्याबरोबर घर आणि कल्हईवाला यांचे दीर्घकाळ टिकणारे नातेही विकत घेतले जाते. स्टेनलेस स्टीलने हे नाते अनावश्यक केले. याबद्दल हळहळणाऱ्यांनी पितळ चिंच आणि राखेने घासणारे हात कोणाचे होते, याचाही हिशेब मांडला पाहिजे, कारण निगेतून सुटका ही नव्या वस्तूची खरी मोहिनी होती आणि ती घरातल्या बाईला सर्वांत आधी कळली.

तलावांच्या बाबतीत हीच सुटका महाग पडली. पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत, आणि ते प्रामुख्याने कोहळी समाजाने गोंड राजवटीच्या काळापासून बांधले, असे परंपरा सांगते. ब्रिटिश अमदानीत गावाचा सारा वसूल करून भरणाऱ्या जमीनधारकाला मालगुजार म्हणत, म्हणून त्यांना मालगुजारी तलाव, आणि आता सरकारी कागदांतून रुळलेल्या ‘माजी मालगुजारी’च्या लघुरूपाने ‘मामा तलाव’, हे नाव पडले. ही वास्तुकला दगडी शिखरांची नाही. टेकडीच्या उतारावरून येणारे पाणी अडवणारी मातीची पाळ, जादा पाणी सुखरूप बाहेर काढणारा सांडवा, आणि एका तलावाचे ओसंडलेले पाणी खालच्या तलावात पोचवणारी उतारांची जाण, एवढ्या सामग्रीवर ती उभी आहे. धानाला म्हणजे भाताला परतीचा पाऊस दगा देतो तेव्हा ऑक्टोबरातले शेवटचे पाणी तलावातून मिळते, आणि उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळातला गाळ शेतात जातो. गाळ काढणे ही देखभाल आणि खत टाकणे ही शेती, अशी दोन कामे येथे एकाच श्रमात भागत होती. ढिवर समाजाची मासेमारीही याच पाण्यावर चाले.

मध्य प्रांतातील मालगुजारी 1951 मध्ये संपुष्टात आली, आणि ती संपणे न्याय्य होते, कारण पाळ रचणाऱ्या श्रमिकाचा आणि पाण्यावर हुकूम चालवणाऱ्या मालगुजाराचा दर्जा त्या व्यवस्थेत एकसारखा कधीच नव्हता. परंतु मालकी शासनाकडे जाताना निगेचे काम कोणाकडे गेले, हे पुरेसे ठरवले गेले नाही. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे आणि लहान जिल्हा परिषदेकडे गेले, आणि गावकरी पूर्वी जुलमामुळे म्हणा वा गरजेमुळे म्हणा, पाळीवर जे राबत होते ते आता अर्जदार झाले. गाळ साचला, बेशरमीच्या झुडपांनी काठ व्यापले; म्हणजे समतेची नवी कल्पना योग्य असूनही तिला साजेशी देखभालीची रचना आखली गेली नाही, आणि आधुनिकतेच्या इतिहासातील हा दोष नगररचनेपासून सरकारी गृहनिर्माणापर्यंत वारंवार आढळतो.

याउलट फार प्राचीन काळी येथे देखभालीपूर्वीच्या, म्हणजे उभारणीच्या, टप्प्यावर तरी भागीदारीची एक पद्धत होती. पवनी येथील जगन्नाथ टेकडीचे उत्खनन 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केले, ज्याचे नेतृत्व शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी केले. त्यात मिळालेल्या बौद्ध स्तूपाच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. एवढी मोठी वास्तू अनेक लहान दानांतून उभी राहत असे, हे त्यातून स्पष्ट होते.

कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साडीची कहाणी वेगळ्या वळणाची आहे. ऐन आणि अर्जुन या झाडांवर पोसलेल्या अळीच्या कोशातून हे सूत निघते, आणि करवतीच्या दातांसारखी किनार अंगाच्या पोताशी जोडण्यासाठी विणकराला तीन धोटे चालवावे लागतात. ‘करवत काठी’ नावाच्या या साडीला भौगोलिक मानांकन मिळाल्याने नावाचे संरक्षण झाले, पण मागावर बसायला पुढची पिढी येईल का, याचे उत्तर त्या कागदात नसते.

झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्याची, रंगभूमी मात्र या सर्वांत अधिक सावध ठरली आहे. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडई या जत्रेपासून सुरू होणाऱ्या या नाट्यहंगामात वडसा येथील कंपन्या भंडाऱ्याच्या गावोगावी रात्रभर नाटके करतात, वादक समोर बसून साथ करतात, आणि प्रयोगाचा खर्च व जोखीम गावचे मंडळ पेलते. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत आणि रात्री नाटक, अशी तिची जोडरचना होती. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली तेव्हा नाटकांनाही त्याची झळ बसली, आणि डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळेपर्यंत या रंगभूमीने दिवसाच्या आधाराविनाही तग धरला. शहरी समीक्षकांना तिची भडक संवादशैली रुचत नाही, परंतु प्रेक्षकच आश्रयदाता असल्याने येथे देखभाल कलेच्या आतच बांधलेली आहे, आणि हा गुण समीक्षेने दुर्लक्षावा असा नाही.

वैनगंगेवर आंभोरा येथे, जिथे विवेकसिंधू हा जुना मराठी ग्रंथ रचला गेला असे अभ्यासकांचा एक पक्ष मानतो, 2024 मध्ये खुला झालेला तारांवर तोललेला पूल हे जिल्ह्याच्या वेशीवरील नव्या वास्तूचे ठळक उदाहरण आहे. उंचावर पाहण्यासाठी सज्जा असल्याने तो नदी ओलांडण्यासाठी आहे तेवढाच न्याहाळण्यासाठीही आहे, आणि गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यात रुंदावलेल्या पाण्याने त्याला भव्यता दिली आहे. तारांचा ताण तपासणे अर्थातच तज्ज्ञांचे काम. काठच्या गावांना या वास्तूने नाव वल्हवण्याचे, चहा विकण्याचे आणि पाहुण्यांची वाट पाहण्याचे काम दिले आहे, आणि पाळीवर राबणाऱ्या गावापेक्षा हे गाव कितपत वेगळे घडेल, हे आता तिथली ग्रामपंचायत पूल पाहायला आलेल्यांकडून मिळणारा पैसा कशावर खर्च करते, यावर अवलंबून आहे.