बिंदू जागेवर ठेव

ओढ तिथे शून्य होते? कुणी शिकवलं तुला हे? मी तर नाही.

परवा बेंगळुरूत मराठी मंडळींपुढे ‘आदित्य-एल1’ या सूर्ययानावर बोललास. एका आजींनी विचारलं, नावातला ‘एल1’, तो लॅग्रांज बिंदू म्हणजे काय. तू ठोकून दिलंस, ‘सूर्य आणि पृथ्वी यांची ओढ जिथे एकमेकींना खोडते ती जागा.’ टाळ्या पडल्या. तुलाही बरं वाटलं. पण हे धादांत चूक आहे आणि ते तुला ठाऊक आहे. राग त्याचाच येतो.

हिशेब कर. दोन्ही ओढी समसमान होतात ती जागा पृथ्वीपासून सुमारे 2.6 लाख किलोमीटरवर. म्हणजे चंद्राच्याही अलीकडे! आदित्य कुठे आहे? 15 लाख किलोमीटरवर. आणि वर म्हणतोस, ‘सर, लोकांना एवढंच झेपतं.’ लोकांवर कशाला ढकलतोस?

ऐक. सूर्याच्या जितकं जवळ तितकी फेरी लवकर. पृथ्वीला 365 दिवस, शुक्राला 225. मग आदित्य सूर्याच्या बाजूला असूनही पुढे का पळत नाही? कारण पृथ्वी त्याला बाहेरच्या बाजूला ओढते. सूर्याची ओढ तेवढी कमी पडते आणि तोही पृथ्वीबरोबर वर्षभरात फेरी पुरी करतो. ओढ उरतेच, ती त्याला वळवत ठेवते. म्हणून सूर्य त्याच्यासमोर अखंड राहतो, पृथ्वी कधी आड येत नाही. यात एक तरी समीकरण आलं? आजींना कळलं नसतं? त्यांना आजच फोन कर आणि चूक दुरुस्त कर.

‘वेळ नव्हता.’ चार वाक्यांना? रंगीत चित्रांना बरा होता!

आणि तज्ज्ञांसमोर तरी काय दिवे लावलेस? नव्या यानाच्या रिव्ह्यूत स्लाइडवर नुसतं ‘एल1’. म्हणे, सगळ्यांना माहीत असतं. सगळे म्हणजे कोण? समोर निम्मे ऑप्टिक्सवाले आणि अँटेनावाले. आपापल्या विषयात ते तुझे बाप आहेत. कक्षेचं गणित त्यांनी कशाला पाठ ठेवावं? सूर्य-पृथ्वीचा एल1 की पृथ्वी-चंद्राचा? समतोल कोणत्या फिरत्या चौकटीत? तो अस्थिर आहे, हे कुठे लिहिलंस? यान त्या बिंदूवर बसत नाही, त्याच्याभोवती हॅलो कक्षेत फिरतं, हे? आदित्य 6 जानेवारी 2024 ला त्या कक्षेत शिरला. पहिली फेरी 178 दिवसांची झाली आणि तेवढ्यात तीनदा कक्षा सावरावी लागली. नेमकं बिंदूवरच ठेवलं असतं, तर पृथ्वीवरून पाहताना सूर्य यानाच्या थेट पाठीमागे आला असता आणि त्याच्या रेडिओ गोंगाटात संदेश बुडाले असते. अँटेनावाल्याला हेच एक वाक्य हवं होतं. तेच तू गाळलंस.

‘मराठीत सांगायला अवघड जातं’ हे तर बोलूच नकोस. जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर सहीसकट येईल. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडणारा माणूस शाळकरी पोरांना कार्डावर उत्तरं लिहायचा. तुला जमत नाही, की बसून लिहायचा कंटाळा येतो? खरं सांग. मला नको सांगूस, स्वतःला सांग.

शनिवारी दोन कागद घेऊन ये. एक दहावीनंतर विज्ञान सोडलेल्यासाठी, दुसरा वेगळ्या विषयात डॉक्टरेट केलेल्यासाठी. शब्द हवे तितके बदल. दोन्हींतला बिंदू मात्र 15 लाख किलोमीटरवरच सापडला पाहिजे.