गाणे आरोपीच्या पिंजऱ्यात



आपल्या वऱ्हाडात भुलाबाई बसल्या की मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात. त्यांत सासूचा जाच असतो, नणंदेचा तोरा असतो, माहेरी न धाडणारा नवरा असतो. सासूबाई स्वतः ऐकतात, हसतात आणि खिरापत वाटतात. यावरून कुणी फिर्याद केल्याचे वरवट बकालमध्ये तरी ऐकिवात नाही. गाणे संपले की सून पुन्हा चुलीपाशीच जाणार, हे सर्वांना ठाऊक असते. पण तेच गाऱ्हाणे तिने भर चौकात डफावर म्हटले, आणि सासूच्या जागी जातीचा पुढारी आणि सरकार आले तर?

पुण्याच्या शाहीर शीतल साठे यांनी तसे म्हटले. गुजरातच्या दंगलींनंतर २००२ साली पुण्यात ‘कबीर कला मंच’ उभा राहिला. जातीचा अन्याय आणि बाईची कोंडी हे त्याच्या गाण्यांचे विषय. २०११ साली मंचाच्या काही कलावंतांना अटक झाली. बंदी घातलेल्या माओवादी संघटनेशी संबंध असल्याचा आरोप होता. शीतल साठे आणि त्यांचे पती सचिन माळी भूमिगत झाले आणि २ एप्रिल २०१३ रोजी मुंबईत विधान भवनासमोर स्वतःहून हजर झाले. त्या वेळी त्या गरोदर होत्या. जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. पतीला तो मिळायला जानेवारी २०१७ उजाडले.

शस्त्र उचलल्याचा आरोप असेल तर त्याची चौकशी व्हायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण पुरावा म्हणून गाणे पुढे आले तर काय करायचे? जानेवारी २०१३ मध्ये याच मंचाच्या इतर कलावंतांना जामीन देताना उच्च न्यायालयाने म्हटले होते की, समाजातील अन्याय दाखवणे आणि बदल मागणे हा बंदी घातलेल्या संघटनेच्या सदस्यत्वाचा पुरावा नव्हे. मंचाच्याच ज्योती जगताप यांना सप्टेंबर २०२० मध्ये एल्गार परिषदेच्या प्रकरणात अटक झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांचा जामीन नाकारला, तेव्हा मात्र शनिवारवाड्यावरील कार्यक्रमातील सरकारची थट्टा त्यांच्या विरोधात धरली. सर्वोच्च न्यायालयाकडून अंतरिम जामीन मिळाला तो नोव्हेंबर २०२५ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी. मी वकील नाही. पण थट्टेचे वजन तुरुंगाच्या वर्षांत कसे मोजतात, हे मला कळलेले नाही.

इथवर आपल्यापैकी बरेच जण मान डोलावतील, कारण थट्टा दुसऱ्याची आहे. म्हणून मॉस्कोची गोष्ट सांगतो. २१ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘पुसी रायट’ या गटातील तरुणी तेथील ख्रिस्त तारणारा या महामंदिरात वेदीपुढे चढल्या आणि पुतिन यांना घालवून दे, असे पवित्र मरियेला गाऊन विनवू लागल्या. त्या वेळी उपासना चालू नव्हती. तरीही भाविकांचे मन दुखावले, आणि ते दुखणे खोटे नव्हते. मीही त्यांना बाहेर जायला सांगितले असते. पण तिघींना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली. एकीची अपिलात स्थगित झाली. उरलेल्या दोघी लहान मुलांच्या आया होत्या. २०१८ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने या शिक्षेवरून रशियाला दोषी धरले.

त्यांनी मरियेलाच हाक का मारली असेल? संत लूकने पहिल्या अध्यायात तिचे स्तोत्र दिले आहे. नाझरेथसारख्या खेड्यातील ती गरोदर मुलगी बलवंतांना सिंहासनांवरून खाली ओढणाऱ्या देवाचे गुण गाते. हेरोद तेव्हा गादीवर होता. सायंप्रार्थनेत आपण ते इतक्या सवयीने म्हणतो की त्यात काय म्हटले आहे याकडे लक्षच जात नाही.

एखाद्या रविवारी आपल्याच वेदीपुढे कुणी अनोळखी मुली, आपल्याच धर्मग्रामातील एखाद्या अन्यायाचे गाणे घेऊन उभ्या राहिल्या तर? कुणी पोलीस ठाण्याला फोन लावील, कुणी त्यांना पाणी विचारील. मी स्वतः यांतले काय करीन, याची मला खात्री देता येत नाही.